पऱ्हाटीची राख, कचऱ्याचा धूर: वाचकांचे प्रश्न

वावरं मोकळी करायचे दिवस आले की आमच्या टपालात जाळण्याबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदा बहुतेकांनी धातूंबद्दल विचारलं आहे. आधी सगळ्यांना लागू होणारं एक सांगून ठेवतो. लाकूड, प्लास्टिक, फवारणीचं औषध हे आगीत मोडतं. शिसं, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत, ती मोडत नाहीत. म्हणून "जाळून टाकलं" म्हटलं की धातूपुरता प्रश्न एवढाच उरतो: तो धुरात गेला, राखेत बसला, की रूप बदलून आधीपेक्षा चपळ झाला?

प्रश्न : कापूस संपला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग लावतो आणि पेटवतो. बोंडअळीमुळे जास्त दिवस ठेवता येत नाही. ढीग जळतो तिथली काळी माती विटेसारखी लाल होते, पुढे तिथं पीक धरत नाही. जळलेल्या मातीत विषारी क्रोमियम तयार होतं असं वाचलं. खरं काय? लागूनच विहीर आहे. (एक कास्तकार, ता. कळंब, जि. यवतमाळ)

वाचलं ते खरं आहे, पण त्याला अटी आहेत. त्या नीट कळल्या तर घाबरायचं कुठं आणि नाही कुठं, ते तुम्हालाच ठरवता येईल.

आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. या खडकात क्रोमियम आणि निकेल मुळातच असतं. ग्रॅनाइट किंवा वाळूच्या खडकाच्या जमिनीत ते त्या मानानं कमी असतं. मातीतलं क्रोमियम जवळजवळ सगळं क्रोमियम-3 या रूपात, चिकणमातीला आणि लोहाला घट्ट धरून बसलेलं असतं. ते पाण्यात विरघळत नाही, पीकही फारसं उचलत नाही, त्यामुळे त्रास नसतो. भीती क्रोमियम-6 ची. ते पाण्यात सहज विरघळतं, आणि श्वासावाटे गेलं तर फुप्फुसाचा कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे.

तीनाचं सहा व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: ताप, भरपूर हवा आणि अल्क, म्हणजे चुना किंवा पोटॅश. साधारण 300 ते 600 अंश सेल्सिअसला हा बदल जोरात होतो. क्रोमेटच्या कारखान्यात हेच मुद्दाम करतात. क्रोमाइटचं खनिज सोडा आणि चुन्याबरोबर, खेळत्या हवेत, हजार अंशांच्या पुढे भाजतात. तुमच्या धुऱ्यावर चुनखडी काळ्या मातीत आहे, पोटॅश पऱ्हाटीच्या राखेत आहे, आणि ताप तुम्ही देता. 2023 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतरच्या मातीत क्रोमियम-6 वाढल्याचं दाखवून दिलं. पण ती जमीन सर्पेंटाइन खडकाची होती. त्या खडकात आपल्या बेसाल्टपेक्षा क्रोमियम कितीतरी जास्त असतं, आणि तिथली आगही तीव्र होती. तो आकडा उचलून आपल्या वावराला लावू नका.

आता आगीआगीतला फरक पाहू. गव्हाचं धसकट पेटवलं तर ज्वाळ मिनिटा-दोन मिनिटांत पुढे सरकते. वरचा पापुद्रा तापतो, दोन बोटं खाली हात लावला तर माती जेमतेम कोमट लागते. त्यात माती ओली असेल तर पाणी उडून जाईपर्यंत ती शंभर अंशांच्या वर जातच नाही. पऱ्हाटीच्या ढिगाचं तसं नाही. जाड खोडं आणि मुळं तासन्‌तास निखारून धुमसत राहतात आणि ताप एकाच जागी खाली उतरत जातो. त्यामुळे चिंता करायची ती सबंध वावराची नाही, ढिगाच्या बुडाची, म्हणजे दोन-चार मीटरच्या गोलाची.

तो गोल एकदा खुरप्यानं उकरून पाहा. वर पांढरी राख असते. पांढरी म्हणजे हवा भरपूर मिळाली, कोळसासुद्धा जळून गेला. तिच्याखाली लाल ढेकळं. मातीतल्या लोहाचं हेमॅटाइट झालं की हा रंग येतो, म्हणजे इथं काही शे अंश ताप लागून गेला. लाल ढेकूळ फोडलं की बहुतेक वेळा आत काळा गाभा निघतो. तिथं ताप पोचला, हवा पोचली नाही, आणि सेंद्रिय पदार्थ जळायच्या ऐवजी कोळपून राहिला. क्रोमियम-6 सापडलंच तर ते पांढऱ्या राखेला लागून असलेल्या लाल थरात सापडेल. काळ्या गाभ्यात कार्बन शिल्लक असतो आणि तो क्रोमियमला तीनावरच धरून ठेवतो.

पीक धरत नाही त्याचा दोष मात्र क्रोमियमला देऊ नका. तिथला ह्यूमस जळाला, चिकणमाती भाजून तिची पाणी धरायची ताकद गेली, जिवाणू मेले, आणि राखेनं सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप) 9-10 च्या पुढे नेला. एवढं झाल्यावर तुरीचा दाणासुद्धा तिथं रुसणारच.

करायचं काय? जळलेल्या जागेची राख कोरडी उचलू नका, वाऱ्यावर तर मुळीच उधळू नका. झारीनं पाणी मारा. मग एका गोलाला पाच-सहा घमेली कुजलेलं शेणखत टाकून वीतभर खोल मिसळा आणि पंधरा-वीस दिवस ओल ठेवा. शेणखतातला सेंद्रिय पदार्थ क्रोमियम-6 ला परत तीनावर आणतो. आम्लधर्मी जमिनीत हे लवकर होतं, आपल्या 8 च्या आसपास सामू असलेल्या जमिनीत हळू होतं, म्हणून ओल आणि शेणखत दोन्ही हवं. चुना टाकू नका. आणि हे सगळं पावसाळ्याच्या आधी उरका. क्रोमेट ऋण भाराचं असतं आणि काळी मातीही ऋण भाराचीच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पहिल्या मोठ्या पावसात ते पाण्याबरोबर निघतं.

विहिरीपासून ढीग निदान 30 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला लावा. पाणी तपासायचं तर पहिल्या दोन-तीन पावसांनंतर तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. पाणी पिवळट दिसण्याच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असते, म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. पाणी उकळून प्या असा सल्ला कोणी दिला तर तो जंतूंपुरता ठीक आहे. धातू उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते आणि मागे उरलेल्या पाण्यात धातूचं प्रमाण उलट वाढतं.

बोंडअळीसाठी पऱ्हाटी वावरातून काढायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण काढणं म्हणजे जाळणं नव्हे. ट्रॅक्टरचा श्रेडर मिळत असेल तर बारीक करून कुजवणं सगळ्यांत बरं. मिळत नसेल तर खड्ड्यात कोळसा करा. तोंडाशी दीड मीटर रुंद, मधे पाऊण मीटर खोल, बुडाला निमुळता असा खड्डा घ्या. पऱ्हाटी कडकन मोडेल इतकी वाळलेली हवी. बुडाशी तुराट्या पेटवा. चांगला जाळ धरला की पऱ्हाटीचा एक पातळ थर टाका. त्या थरावर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाका. वरची ज्वाळ हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचा थर जळत नाही, कोळसतो. धूर फार निघाला तर समजा, माल ओला आहे किंवा थर जाड पडला. खड्डा भरत आला की 200 ते 300 लिटर पाणी ओतून विझवा. पाण्याची टंचाई असेल तर वीतभर ओल्या मातीनं गच्च झाका आणि दुसऱ्या दिवशी हात लावून पाहिल्याशिवाय उघडू नका. अर्धवट विझलेला ढीग रात्रीतून पेट घेतो, मग सकाळी कोळशाच्या जागी राखच हाती लागते. वाळल्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कोळसा मिळतो. तो शेणाच्या काल्यात आठवडाभर भिजवून मगच वावरात टाका. दरवर्षी खड्डा तोच वापरा, म्हणजे भाजलेली जागा एकच राहील.

प्रश्न : गावचा कचरा गायरानावर टाकून ग्रामपंचायत दर पंधरवड्याला पेटवून देते. राख काही लोक खत म्हणून भाजीच्या वाफ्यात नेतात. आमच्याकडे सॉइल हेल्थ कार्ड आहे, त्यात सगळं ठीक दाखवतं. मग राख टाकायला हरकत नाही ना? (ग्रामपंचायत सदस्य, जि. वर्धा)

हरकत आहे. आणि कार्डाचा इथं काही उपयोग नाही. सॉइल हेल्थ कार्डावर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम त्यात तपासतच नाहीत. जे मोजलंच नाही ते कार्डावर दिसणार कुठून?

गावच्या कचऱ्यात हे धातू येतात कुठून, हा साहजिक प्रश्न. जुन्या पीव्हीसी वायरचं आणि पाइपाचं प्लास्टिक टिकावं म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. पिवळ्या-नारंगी रंगांत लेड क्रोमेट येतं. मोबाइल-रेडिओच्या सर्किटचं जुनं डाखकाम शिशाचं. सेलमध्ये जस्त आणि मँगनीज. टायरात जस्ताचा ऑक्साइड वजनाच्या टक्का-दोन टक्के. शिवाय रंग दिलेल्या लाकडाचे तुकडे.

आगीत यांच्या वाटा वेगळ्या होतात. पारा 357 अंशांना उकळतो, तो सगळाच हवेत जातो. कॅडमियम 767 ला, जस्त 907 ला. शिसं 327 ला वितळतं, पण उकळायला त्याला 1749 अंश लागतात. म्हणजे उघड्या आगीत शिसं राखेतच राहायला हवं. ते तसं राहत नाही, याचं कारण पीव्हीसी. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, शिशाचं लेड क्लोराइड होतं आणि ते 950 अंशांनाच उकळतं, त्याच्या बरंच आधीपासून वाफाळू लागतं. थोडं वर जाऊन थंड झालं की ही वाफ काजळीच्या अतिबारीक कणांवर बसते. नेमके हेच कण फुप्फुसात सगळ्यांत खोल शिरतात. म्हणून एकट्या लाकडाच्या धुरापेक्षा वायर-पाइप मिसळलेल्या कचऱ्याचा धूर वेगळा धरायचा. तांबं मधे असलं की आणखी एक घाण होते: धूर 450 ते 200 अंशांपर्यंत थंड होत असताना तांब्याच्या पृष्ठभागावर डायॉक्सिन नावाची अतिविषारी संयुगं जमतात. ज्वाळेची कड हिरवी-निळी दिसली की तांबं आणि क्लोरीन दोन्ही तिथं हजर आहेत असं समजा, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला व्हा.

राखेत जे उरतं ते घट्ट होऊन उरतं. हिशेब करून पाहा. समजा, 10 किलो कचऱ्यात 1 ग्रॅम शिसं आहे, म्हणजे किलोला 100 मिलिग्रॅम. जळून राख उरली 2 किलो. अर्धं शिसं धुरात गेलं असं धरलं तरी राखेत किलोला 250 मिलिग्रॅम होतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला शिशाची मर्यादा किलोला 100 मिलिग्रॅम आहे. कॅडमियमची 5, क्रोमियमची 50, आर्सेनिकची 10, पाऱ्याची 0.15. म्हणजे जो कचरा कंपोस्ट म्हणून जेमतेम काठावर बसला असता, त्याची राख मर्यादेच्या अडीचपट होऊन बसते.

ताज्या राखेचा सामू 11-12 असतो. शिशाचा स्वभाव असा की मधल्या सामूला ते विरघळत नाही, पण फार आम्ल किंवा फार अल्क झालं की विरघळतं. त्यामुळे उघड्या ढिगावरून पहिल्या पावसात वाहणारं पाणी सगळ्यांत वाईट. काळ्या मातीत गेल्यावर शिसं धरलं जातं, मुळांतून फार वर चढत नाही. पण ते वरच्या दोन-तीन बोटं मातीतच राहतं आणि पालक, मेथी, अंबाडीच्या पानांवर धूळ आणि शिंतोड्यांवाटे बसतं. कॅडमियमचं त्याहून वाईट, ते पानं स्वतःच उचलतात. वाफा सांडपाण्यावर असेल तर जास्तच.

कोणी म्हणेल, आम्ही चुलीची राख पिढ्यान्‌पिढ्या टाकतो. निव्वळ लाकडाची, गोवऱ्यांची राख वेगळी, तिला आमचा धातूंच्या अंगानं विरोध नाही. पण चुनखडी काळ्या जमिनीत तिचाही फायदा थोडा. सामू आणखी चढतो आणि लोह-जस्त अडकतं. संत्र्याच्या बागेत पानं पिवळी पडलेली असताना बुडाशी राख टाकणं म्हणजे दुखण्यात भर.

तपासणी करायची असेल तर अशी करा. राखेच्या ढिगातून आणि वाफ्यातून वेगवेगळे नमुने घ्या. वाफ्यात आठ-दहा जागांवरून फक्त वरची दोन-तीन सेंटिमीटर माती घ्या. खतासाठी घेतो तशी वीतभर खोल घेतली तर वरचं शिसं खालच्या चांगल्या मातीत मिसळून आकडा खोटा कमी येतो. जस्ताची बादली आणि गंजलेलं खुरपं टाळा, प्लास्टिकचं टोपलं वापरा. सगळं मिसळून अर्धा किलो ठेवा. त्याच वळणाच्या, पण राख कधीच न पडलेल्या मातीचा एक नमुना तुलनेसाठी जोडा. तो नसेल तर आलेला आकडा मातीचा मूळचा की राखेचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत "शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, पारा" असं लिहून द्या. क्रोमियम-6 हवं असेल तर ते स्वतंत्र मागावं लागतं, आणि तो नमुना उन्हात किंवा भट्टीत न वाळवता ओला, थंड डब्यात लवकर पोचवावा. नाहीतर वाटेतच रूप बदलतं.

असलेला ढीग पाण्यानं ओला करून, आत प्लास्टिक असलेल्या पोत्यांत भरून उंचावर, शेडखाली ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा. ओढ्यात किंवा जुन्या विहिरीत लोटू नका. उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. ग्रामपंचायतच काडी लावत असेल तर पुढच्या सभेत हा विषय आधी घ्या. सुरुवात सोपी आहे: सेल, वायर, ट्यूब, रंगाचे डबे एवढ्या चार वस्तूंचं एक वेगळं पिंप ठेवा. वजनानं हा कचरा अगदी थोडा, पण धातू बहुतेक त्यातलाच.

प्रश्न : आमच्या गावच्या मारुतीची शेंदराची खोळ निघाली. पाच-सहा किलो भरेल. काही म्हणतात होमात अर्पण करा, काही म्हणतात नदीत सोडा. योग्य काय? (मंदिर समितीचे एक सभासद, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

श्रद्धेचा निर्णय तुमचा. रसायनाच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही नको.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. 1 किलो शुद्ध शेंदरात 900 ग्रॅमपेक्षा जास्त शिसं असतं. आता बाजारात नुसत्या रंगाची पूडही शेंदूर म्हणून मिळते. ओळखायची तर पुडी हातात तोलून पाहा, खरा शेंदूर आकाराच्या मानानं चकित करण्याइतका जड लागतो. खोळ जुनी असेल तर ती शिशाचीच आहे असं धरून चला.

होमकुंडात हा शेंदूर टाकला की पाचशे अंशांच्या पुढे त्यातला थोडा ऑक्सिजन सुटतो आणि पिवळं मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचाच कमी ऑक्सिजनचा ऑक्साइड, उरतं. पण तिथं नुसता ताप नसतो, खोळेत मुरलेलं तेल आणि खाली निखारेही असतात. कार्बन उरलेला ऑक्सिजन ओढून घेतो आणि शिसं मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी राख चाळली तर तिच्यात करडे, मऊ, नखानं ओरखडा उठणारे मणी सापडतील. काही भाग धुरात गेलेला असतो, आणि कुंडाभोवती सगळ्यांत जवळ बसलेली माणसं तोच धूर घेत असतात. त्या राखेचा अंगारा लहान पोरांच्या कपाळी, जिभेला लागतो. शिशाची सुरक्षित अशी पातळी मुलांसाठी ठरलेलीच नाही.

नदीत सोडलं तर शेंदूर विरघळून जात नाही, गाळात बसतो आणि तिथंच राहतो.

खोळ हाताळताना हातमोजे घाला, खाली जाड प्लास्टिक अंथरा. कोरडी घासू नका, पॉलिश पेपर तर नकोच. मूर्तीवर उरलेला शेंदूर तेलाच्या फडक्यानं ओला करून काढा, आणि फडकी खोळेबरोबरच ठेवा. त्या दिवशी गाभाऱ्यात प्रसाद वाटू नका. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. सगळं झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये बंद करून त्यावर "शिसे" असं ठळक लिहा. घातक कचऱ्याची सामाईक विल्हेवाट सुविधा बुटीबोरीला आहे. प्रदूषण मंडळाच्या अमरावती कार्यालयामार्फत तिकडे पाठवायची विचारणा करा. एका गावाचे पाच किलो म्हणून कोणी दाद देणार नाही अशी शक्यता आहे, तर तालुक्यातल्या चार-सहा समित्यांनी मिळून अर्ज करावा.

प्रश्न : आमच्याकडे तलावाची मासेमारी आहे. फेकायच्या जाळ्याला लावायचे शिशाचे मणी जुन्या बॅटरीच्या प्लेटा चुलीवर वितळवून घरीच ओततात. बायका-पोरं जवळच असतात. काय काळजी घ्यावी? (जि. गोंदिया)

बॅटरीच्या प्लेटा घरी वितळवू नका, हीच काळजी. यात सुधारून करता येईल असं काही नाही.

कारण प्लेटेतच आहे. प्लेट म्हणजे शिशाची जाळी आणि तिच्यात भरलेला लगदा. शिसं जवळजवळ निम्मं जाळीत, निम्मं लगद्यात. लगदा धातू नसतो, त्यात लेड सल्फेट आणि लेड डायऑक्साइड असतं, आणि ते चुलीच्या तापाला वितळत नाही. जाळी वितळते, मणी ओतले जातात. लगदा करडी-पिवळी भुकटी होऊन वर तरंगतो, तो पळीनं काढून अंगणाच्या कोपऱ्यात फेकतात. म्हणजे प्रत्येक ओतकामात निम्मं शिसं अंगणात पडतं, तेही सगळ्यांत बारीक पुडीच्या रूपात. कोंबड्या तिथं उकरतात, रांगतं पोर तिथंच बसतं. जाळीच्या शिशात अँटिमनी आणि थोडं आर्सेनिकही असतं. जुन्या-नव्या बॅटऱ्यांचा मळ एकत्र ढिगात ओला झाला तर त्यातून त्यांचे विषारी वायू सुटू शकतात, ते दिसत नाहीत. प्लेटेत आम्ल किंवा ओल राहिली तर वितळलेल्या शिशात पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. डोळा जायला एवढं पुरे.

बॅटरी परवानाधारक दुकानदाराला आख्खी परत करा, आम्ल न ओतता. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. मण्यांना पर्याय भाजक्या मातीचे किंवा लोखंडाचे. मातीचे आकारानं मोठे लागतात, जाळं थोडं हळू बुडतं, हे खरं.

आजवर जे ओतकाम झालं त्या कोपऱ्यातली वरची वीतभर माती ओली करून काढा आणि ड्रममध्ये बंद करा. ती शेणात कालवून सारवायला वापरू नका. घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना "रक्तातलं शिसं" अशी नेमकी तपासणी लिहून मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं की शिसं कुठून येतं ते शोधून बंद करायला हवं. पोट दुखणं, चिडचिड, भूक मंदावणं ही लक्षणं जंतांचीही असतात. जंताचं औषध देऊनही फरक पडत नसेल तर ही तपासणी टाळू नका.

प्रश्न : जुन्या वाड्याचे दरवाजे, चौकटी फोडून चुलीत लावतोय. सागवान आहे, छान जळतं. रंगाचा त्रास होतो का? (जि. बुलढाणा)

होतो. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आणणारा नियम 2016 चा आहे, तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटात, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत, शिसं टक्क्यांनी मोजण्याइतकं असू शकतं. चूल घरात, भाकरी तव्यावर आणि राख भांडी घासायला, असं तिन्ही वाटांनी ते पोटात जातं. रंग ब्लो-लॅम्पनं जाळून काढायला जाल तर तेही तेच. पाणी मारून ओलं खरवडा, खपल्या गोळा करा, लाकूड सुतारकामाला वापरा. तेवढं सागवान चुलीत घालायचं म्हणजे तसंही जिवावर यावं.

प्रश्न : थर्मलची राख मिसळून भाजलेल्या विटांचं घर बांधलं. त्यातून काही बाहेर येतं का? आणि फुटलेल्या ट्यूबलाइट भट्टीत टाकल्या तर चालतील का? (ता. कामठी, जि. नागपूर)

चांगली भाजलेली वीट असेल तर काळजीचं कारण नाही. थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, बॉयलरमध्ये कोळसा जळताना आर्सेनिक, सेलेनियम यांची वाफ होते आणि धूर थंड होताना ती राखेच्या सगळ्यांत बारीक कणांवर बसते. म्हणून मोकळी उडती राख त्रासाची. भट्टीत 900 ते 1000 अंशांना माती आणि राखेचे कण एकमेकांत वितळून सांधतात, धातू आत अडकतो. खंगर वीट काचेसारखी झालेली असते, ती या बाबतीत सगळ्यांत निर्धोक, बांधकामाला वाकडी असली तरी. अडचण कमी भाजलेल्या विटेची: ताप ऑक्सिडेशन होण्याइतका लागला, पण सांधण्याइतका लागला नाही, त्यामुळे क्रोमियम पाण्याला सुटं राहतं. दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची. बद्द विटा पायाला, न्हाणीला, विहिरीच्या बांधणीला नकोत, आणि त्यांचा चुरा अंगणात पसरू नका. घर प्लास्टर केलेलं असेल तर वरच्या भिंतींचं पाहायचं कारण नाही. वीट कापताना मात्र ती ओली करून कापा.

ट्यूबलाइट भट्टीत नको. पारा मातीत सांधत नाही, चिमणीतून सरळ वर जातो आणि भट्टीवरच्या मजुरांच्या श्वासात उतरतो. घरात ट्यूब फुटलीच तर पंखा बंद करा, दारं-खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा. मग काचा पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक पूड चिकटपट्टीनं टिपा. केरसुणीनं झाडू नका, पारा फटींत पसरतो. सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.